राहिलेले आभार

“अगं, तू हो बघू बाहेर! दिसत नाही का, आईला तू नको आहेस इथे!”

थोरल्याने वहिनीच्या हातातली सुपाची वाटी काढून घेतली, आणि नवऱ्याचं ऐकून वहिनी उठली. खाटेवर सासूबाईंना उशांच्या आधाराने बसवलं होतं. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ मात्र घट्ट मिटलेले... आणि शाबूत राहिलेला तो एकच डावा हात त्यांनी थरथरत उचलला होता, बोट सरळ वहिनीवर रोखून! आता याचा अर्थ सांगायला काय बाहेरून माणूस आणायला हवा होता? या घरात गेली कित्येक वर्षं त्या बोटाचा एकच अर्थ होता.

वहिनी दाराबाहेर जाऊन उभी राहिली. आतून थोरल्याचा आवाज येत होता, “घे ना गं आई... एकच घास... माझ्यासाठी...” मग चमचा वाटीत टेकल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. सासूबाईंनी लेकाच्या हातचंही घेतलं नव्हतं! दवाखान्यातून घरी आणल्यापासून पाण्याच्या घोटापलीकडे त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. डॉक्टर तपासून गेले होते. “गिळता येतंय त्यांना,” ते म्हणाले होते, “गिळायचं नाहीये, ही गोष्ट वेगळी. असंच चाललं तर फार काळ तग धरणार नाहीत.”

त्या का जेवत नव्हत्या, याबद्दल थोरल्याची खात्री होती. त्याचं म्हणणं असं, की आईला आता बोलता येत नाही, बोलता येत नाही म्हणून आभार मानता येत नाहीत, आणि आभार मानल्याशिवाय ही बाई जन्मात कधी जेवलेली नाही, ती आता काय जेवणार! थोरल्याचं हे म्हणणं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं कळायला आधी त्या घराची रीत कळायला हवी.

ते घर शवपेट्या करणाऱ्यांचं. बापाच्या मागे थोरल्याने रंधा हातात घेतला, आणि घराला लागूनच असलेल्या कारखान्यात पेट्या होत राहिल्या. गल्लीत त्यांना ‘पेटीवाले’ म्हणत. रस्त्यात भेटलं तर कुणी थोरल्याला ‘काय, कसं काय चाललंय?’ असं विचारत नसे. न जाणो, ‘छान चाललंय’ म्हणाला तर! चर्चमध्येसुद्धा त्यांच्या बाकाशेजारी बसताना लोक जरा अंग चोरूनच बसत.

सासूबाई तरुणपणी विधवा झाल्या. पदरात तीन पोरं... थोरला, धाकटा आणि शेंडेफळ मुलगी, जी एका जागी कधी ठरली नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. दुःखाने माणूस देवापासून तुटतं, पण या बाईने उलटंच केलं. नवऱ्याला मूठमाती देऊन आल्या त्या संध्याकाळी त्यांनी पोरांना टेबलाभोवती बसवलं आणि सांगितलं, “आजपासून या घरात तोंडात घास जाण्याआधी तोंडातून आभार निघाले पाहिजेत. रोज. प्रत्येकाने. लहानापासून सुरुवात. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी अन्नाला शिवायचं नाही.”

आणि आभार तरी कसे? ‘देवा, सगळ्यासाठी धन्यवाद’ असं म्हणून सुटका नव्हती. “सगळ्यासाठी म्हणणारा कशासाठीच म्हणत नसतो,” असं सासूबाई बजावत. त्या दिवसाची, आपल्या डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट शोधून आणायची. नळाला वेळेवर पाणी आलं... दुखरी दाढ आज गप्प बसली... भिंगरी लहानपणी एकदा म्हणाली होती, ‘देवा, आज दादाने मला एकदाच मारलं.’ तेही सासूबाईंनी चालवून घेतलं. एका गोष्टीला मात्र सक्त मनाई होती. कामासाठी आभार मानायचे नाहीत! “आपल्याकडे काम येतं तेव्हा दुसऱ्याच्या घरातून माणूस गेलेलं असतं. त्याचे आभार मानले तर देव काय म्हणेल?”

वहिनी या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्या संध्याकाळी तिची बोबडी वळली होती. काय म्हणायचं? सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी ती कशीबशी म्हणाली, “देवा... या टेबलावर मला जागा मिळाली.” सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी उठून सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. असेही दिवस होते!

मग ती संध्याकाळ आली...

कित्येक आठवडे कारखान्यात काम नव्हतं. गावाची तब्येत चांगली होती, आणि पेटीवाल्यांच्या घरात उपासमार! टेबलावर पातळ सूप आणि मोजके पावाचे तुकडे. त्या दिवशी दुपारी दगडाच्या खाणीवरून एक माणूस आला. कडा कोसळला, एक जण दबला, पेटी ताबडतोब हवी. मयताच्या उंचीची गाठ मारलेली दोरी त्याने थोरल्याच्या हातात दिली. खाणीवरून माप नेहमी असंच यायचं. “कोण गेलं?” थोरल्याने विचारलं. “मुकादमाला ठाऊक. मला माप घेऊन पिटाळलं,” असं म्हणून माणूस गेला. धाकटा त्याच खाणीत कामाला होता, पण त्याची त्या दिवशी सुटी होती आणि तो सकाळीच गळ घेऊन नदीवर गेला होता. त्यामुळे कुणाच्या काळजात धस्ससुद्धा झालं नाही. थोरल्याने दोरी फळीवर ताणली, खूण केली आणि करवत चालवली.

संध्याकाळी पेटी पुरी करूनच येतो म्हणून थोरला कारखान्यातच होता. “तुम्ही सुरू करा, मी आलेच,” असं सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. धाकटा अजून नदीवरून यायचा होता, टेबलाशी दोघीच, भिंगरी आणि वहिनी. लहानापासून सुरुवात, म्हणून भिंगरीने डोळे मिटले. कोवळं वय, पोटात भुकेचा आगडोंब... पोर भान विसरली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “देवा, आज दादाच्या हाताला काम दिलंस! आता पोटभर जेवायला मिळेल. तुझे उपकार!”

“अगं!” वहिनीने तिचा हात दाबला. पण शब्द गेला तो गेला! आणि तेवढ्यात दार उघडलं. दारात मुकादम टोपी हातात घेऊन उभा, त्याच्या मागे थोरला, पांढराफटक... नदीच्या वाटेवर धाकट्याला एक सोबती भेटला होता, त्याची बायको आजारी होती, आणि ‘तू जा घरी, तुझ्या जागी मी उभा राहतो’ असं म्हणून धाकट्याने गळ झुडपात टाकून खाणीची वाट धरली होती. थोरल्याने त्या दोरीवर आपल्याच भावाची पेटी करून ठेवली होती!

दफन झालं. लोक आले, गेले. आणि त्यानंतर पहिल्यांदा चौघं टेबलाशी बसली तेव्हा सासूबाईंनी एक हुंदकाही न देता, अगदी कोरड्या आवाजात विचारलं, “त्या संध्याकाळी कामाचे आभार कोणी मानले? मी आत होते. मला ऐकू आलं.”

भिंगरीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. वहिनीने तिच्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात तिच्या मनात काय काय येऊन गेलं! या माउलीचा एक मुलगा मातीत गेला. आता हिच्या काळजातून लेकही गेली तर ही जगेल कशी? आणि ही पोर... ही तर आजच आडात उडी घालेल. मी काय, परक्या घरची. माझ्यावर रागावली तर रागावली.

“मी म्हटलं, आई,” वहिनी म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग बोट उचललं. “ज्या तोंडातून ते आभार निघाले, ते तोंड या टेबलावर देवाचं नाव पुन्हा घेणार नाही!”

दुसऱ्या दिवशी नळावर भिंगरीने वहिनीच्या गळ्यात पडून टाहो फोडला. “मी सांगते आईला! वहिनी, मला सांगू दे!”

“गप्प बस,” वहिनी तिचे डोळे पुसत म्हणाली. “तिचा एक गेलाय. दुसरी घालवू नकोस. तुला माझी शपथ आहे.”

लेकी बोले सुने लागे, ही म्हण सासूसुनांच्या घराघरांत ऐकू येते. इथे तर ती शब्दशः खरी झाली... बोलली लेक, आणि लागलं सुनेला, ते जन्मभरासाठी!

त्यानंतर रोज संध्याकाळी टेबलावर तेच घडत राहिलं. आधी भिंगरी, मग सासूबाईंची नजर वहिनीच्या खुर्चीवरून, जणू तिथे कुणी नाहीच अशी, सरकून थोरल्यावर जाई, मग थोरला, मग त्या स्वतः. “झालं सगळ्यांचं. जेवा.” भिंगरी लग्न होऊन दूरच्या गावी गेली, तेव्हा तर सुरुवातच थोरल्यापासून होऊ लागली. वहिनीची कूस उजवली नाही. त्यावरून सासूबाईंनी तिला कधी एका शब्दाने टोचलं नाही, तेवढं खरं बोललं पाहिजे. टोचायला आधी माणसाशी बोलावं तर लागतं! ‘मीठ कमी आहे’ हेसुद्धा त्या थोरल्याकडे बघून म्हणत.

आणि थोरला? तो नाकासमोर चालणारा माणूस. बायकोवर त्याने कधी हात उगारला नाही, आणि तिच्या बाजूने कधी ब्रही काढला नाही. ‘बोलायचं असतं का असं?’ एवढंच त्याने एकदा विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता रंधा उचलला होता.

वहिनीने आभाराची सवय मात्र सोडली नाही. तिला ती सोडताच आली नाही, कारण दिवसभर डोळे आपोआप काहीतरी शोधत राहायचे... खिडकीच्या काचेवर आलेलं ऊन, उतू जाता जाता वाचलेलं दूध, शेजारणीने विचारलेलं ‘बरी आहेस ना?’ ती पाठ फिरवून भांडी घासत उभी राही आणि मनातल्या मनात म्हणे, ‘देवा, आज हे.’ ओठ हलू द्यायचे नाहीत, हे तिने शिकून घेतलं होतं. देवाला ऐकू जात होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. पण माणसांतून उठवलेल्या माणसाला देव ऐकतोय एवढ्याने भागतं का? आपला आवाज एकदा तरी त्या टेबलावर उमटावा, कुणीतरी म्हणावं ‘आता तुझा नंबर’... याच एका इच्छेने तिचं अंतःकरण आतल्या आत झुरत राहिलं.

आणि आता सासूबाई अशा पडल्या होत्या.

थोरल्याने सगळे उपाय केले. खाटेशी बसून त्याने आपले आभार मोठ्याने म्हटले, मग आईच्या वतीने म्हटले. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चर्चचे पाळक आले. त्यांनी ‘आजारी बहिणी’च्या, म्हणजे सासूबाईंच्या, वतीने इतकी लांब प्रार्थना केली की सूप दोनदा गरम करावं लागलं. तरी ओठ मिटलेलेच! वहिनी वाटी घेऊन आत आली की ते बोट उठायचं, थोरला तिला बाहेर पाठवायचा, आणि हात खाली पडायचा. सासूबाईंच्या घशातून काहीतरी घोगरा आवाज निघायचा, डोळ्यांतून पाणी ओघळायचं. “पाहिलंस? तुला बघून किती त्रास होतो तिला!” थोरला म्हणायचा. वहिनी बाहेर बसून बटाटे सोलायची, सूप गाळायची आणि दाराआडून कान देऊन ऐकायची... आज तरी गिळलं का?

अखेर भिंगरीला बोलावून घेतलं.

भिंगरी आता चांगली प्रौढ झाली होती, पण दारातून आत आली ती लहान पोरीसारखी रडतच. वहिनीच्या नजरेला नजर न देता ती थेट आईपाशी गेली. थोडा वेळ आईचा हात कुरवाळत बसली, मग म्हणाली, “वहिनी, सूप दे. मी भरवते.”

वहिनी वाटी घेऊन आली. लगेच बोट उठलं!

“तू जा,” थोरला पुटपुटला. पण वहिनी दारापर्यंत पोचते न पोचते तोच भिंगरी ओरडली, “थांब, वहिनी! कुठेही जाऊ नकोस! आई, हात खाली कर! तिच्याकडे बोट दाखवू नकोस... माझ्याकडे दाखव! मी म्हटलं होतं ते! धाकटा दादा गेला त्या संध्याकाळी कामाचे आभार मी मानले होते! वहिनीने माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलं, आणि मी... मी घेऊ दिलं! मला माफ कर, आई! पण तू जेव गं...”

थोरला भिंतीला टेकला. वहिनीने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं उराशी जपलेलं गुपित फुटलं होतं. आता काय होणार? हा घाव सोसेल का ही म्हातारी? ती धावतच खाटेपाशी आली.

पण सासूबाईंचा चेहरा तसाच होता. ना धक्का, ना आश्चर्य. त्यांनी डावा हात हळूच लेकीच्या डोक्यावर ठेवला. वाकडं झालेलं तोंड हललं, जीभ आत चाचपडली, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या... आणि आजारपणातला पहिला शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

“ठा...ऊक.”

“काय म्हणाली?” थोरल्याने विचारलं.

“ठाऊक,” वहिनी म्हणाली. “त्यांना ठाऊक होतं.”

सासूबाईंनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या पापण्यांतून धारा लागल्या. पोटच्या पोरीचा आवाज, तोही एका भिंतीपलीकडून, आईला ओळखू आला नसेल असं मानणारे सगळेच वेडे! देवावर राग धरायची हिंमत नव्हती. लेकीवर धरायची ताकद नव्हती. मग उरलं कोण? सून! ती आपण होऊन पुढे आली, आणि सासूबाईंनी ओझं तिच्या पाठीवर टाकून दिलं, नीट ओळखून, नीट जाणून...

वहिनीने शांतपणे वाटी खाली ठेवली आणि ती खोलीतून निघून गेली.

कारखान्यात कुणी नव्हतं. भिंतीशी फळ्या उभ्या होत्या, जमिनीवर भुसा, सरसाचं भांडं गार पडलेलं. वहिनी एका ओंडक्यावर बसली. तिला रडू येईना. तिने आपला जीव जाळून जे वाचवलं असं तिला वाटत होतं, ते मुळी धोक्यात नव्हतंच! तिचा त्याग म्हणजे नुसती सोय होती, सासूबाईंची सोय!

थोडा वेळ गेला आणि थोरला आला. दारात घुटमळला. “अगं... तू मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

थोरल्याचा हात सवयीने रंध्याकडे गेला.

“मी बोलले असते का असं, तुम्हाला काय वाटलं?” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “माझ्यासोबत संसार केलात ना? एकदा, फक्त एकदा म्हणाला असतात, ‘आई, हिचा नंबर राहिला’... तुमच्या आईने नसतं ऐकलं. मी तेवढ्यावर जन्म काढला असता!”

“मला वाटायचं... घरात वाद नको...”

“वाद नको म्हणून बायकोच नको, असं केलंत!”

थोरला मटकन खाली भुशात बसला आणि हातांत तोंड लपवून लहान मुलासारखा रडू लागला. वहिनीने त्याला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलंच नाही तिला, आणि न वाटण्याची लाजही वाटली नाही. “मी आता त्या खोलीत पाय ठेवणार नाही,” ती म्हणाली. “तुमची आई आहे, तुम्ही बघा.”

तेवढ्यात भिंगरी धावत आली. “वहिनी! आई ऐकत नाहीये. खाटेवरून उतरायला बघतेय. सारखा दाराकडे हात करते आणि रडते...”

“दाराकडे?” वहिनीने विचारलं. “पण मी तर तिथे नाही. मला घालवून द्यायचं असेल तर मी गेलेलीच आहे की!”

इतकी वर्षं त्या बोटाने वहिनीला दूर सारलं होतं, म्हणून ते बोट कधी बोलावतही असेल हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनीच्याही नाही.

ती उठली. तिचं मन मागे ओढत होतं आणि पाय पुढे जात होते. खोलीच्या उंबरठ्यावर ती थांबली. सासूबाई अर्ध्या कलंडल्या होत्या. तिला पाहताच त्यांचा हात उठला, बोट तिच्यावर आलं. मग ते बोट थरथरत स्वतःच्या मिटलेल्या ओठांकडे गेलं, आणि पुन्हा वहिनीकडे आलं.

लहानापासून सुरुवात... आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी अन्नाला शिवायचं नाही!

“आई...” वहिनी म्हणाली. “माझा नंबर?”

सासूबाईंचं सगळं तोंड थरथरलं. त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा...

म्हणून त्या उपाशी होत्या! आपल्याला बोलता येत नाही म्हणून नव्हे. सुनेचे आभार झाले नव्हते म्हणून! मरण उशाशी आल्यावर त्या हट्टी बाईला आपणच घातलेला नियम आपणच इतकी वर्षं मोडल्याचं आठवलं होतं, आणि ते सांगायला तोंड उरलं नव्हतं. आणि जिला सांगायचं तिलाच रोज खोलीबाहेर काढलं जात होतं!

पण ज्याची वहिनीने आयुष्यभर वाट पाहिली ते समोर उभं होतं, आणि तिच्या अंतःकरणात आभार नव्हते, विखार होता. ‘राहा उपाशी!’ हे शब्द तिच्या जिभेवर अगदी टोकाशी आले. थोरला आणि भिंगरी तिच्या मागे उभे होते. सासूबाईंचं बोट खाली येत नव्हतं. हात दुखत असणार, थरथरत होता, तरी खाली येत नव्हता.

वहिनी खाटेपाशी जाऊन बसली.

“आजच्या दिवसासाठी मला काही म्हणता येत नाही, आई,” ती म्हणाली. “खोटं म्हणायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत. आज मला काही सापडत नाही. पण माझा नंबर आजचा नाही. तो त्या संध्याकाळपासून राहिलाय. भिंगरीनंतर माझाच होता, आणि मी मनात ठरवून बसले होते काय म्हणायचं ते. तेच म्हणते.”

तिने डोळे मिटले.

“देवा... आज सकाळी धाकटे भाऊजी नदीवर जायला निघाले. तेव्हा घरात कुणी उठलं नव्हतं. मी त्यांना पाव दिला. ते म्हणाले, ‘वहिनी, तुझा कुठे आहे?’ मी म्हटलं, माझं झालं. ते म्हणाले, ‘खोटारडी! मी बघतो रोज. तुझा वाटा तू भिंगरीला देतेस, आणि आम्हाला वाढण्याच्या निमित्ताने स्वतः जेवायचं टाळतेस.’ आणि त्यांनी पावाचे दोन तुकडे केले, मोठा माझ्या हातात कोंबला आणि समोर उभं राहून मला खायला लावला. मी खाईपर्यंत हलले नाहीत. जाताना म्हणाले, ‘आईला सांग, संध्याकाळी मासे आणतो, तिच्या आवडीचे.’ देवा, या घरात मला कुणीतरी पाहिलं... त्या पावासाठी तुझे आभार.”

मग सासूबाईंच्या छातीतून एक असा आवाज फुटला, की थोरल्याने कानांवर हात ठेवले. आपल्या लेकाची ती शेवटची सकाळ त्यांना ठाऊकच नव्हती! त्या झोपेत असताना तो गेला होता, जाताना त्यांच्यासाठी निरोप ठेवून. ज्या तोंडाला त्यांनी कुलूप घातलं, त्याच तोंडात त्यांच्या मुलाचे शेवटचे शब्द इतकी वर्षं अडकून पडले होते!

डावा हात चाचपडत वहिनीच्या गालावर आला. बोटांनी तिच्या ओठांना स्पर्श केला, एकदा, अगदी हळू. मग सासूबाईंनी तोंड उघडलं.

वहिनीने वाटी उचलली. सूप गार झालं होतं. पहिला चमचा अर्धा हनुवटीवर सांडला, तो तिने पदराने पुसला. दुसरा त्यांनी गिळला.

सासूबाई त्यानंतर फार काळ राहिल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, अन्न उशिरा सुरू झालं. जेवढे दिवस मिळाले तेवढे दिवस वहिनी रोज खाटेशी बसून मोठ्याने आभार मानी, आधी आजचे, मग मागच्या राहिलेल्या दिवसांतले, जसे आठवतील तसे, एकेक. थोरला उंबरठ्यावर बसून ऐकायचा. आपल्या घरात एवढं काय काय घडून गेलं होतं, आणि त्यातलं आपल्याला काहीच कसं दिसलं नाही, याचं नवल करत तो रडायचा. वहिनी त्याच्याशी बोलू लागली, पण पूर्वीसारखं नाही. ते यायला वेळ लागणार होता.

‘ठाऊक’ या शब्दाची क्षमा तिला सासूबाई हयात असताना करता आली नाही. तसं तिने त्यांना सांगितलंही होतं, आणि त्यांनी मान हलवली होती.

दफनाच्या संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. लहानापासून सुरुवात, म्हणून भिंगरी रडत रडत दोन शब्द बोलली. मग थोरल्याने मान वर केली, वहिनीकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आता तुझा नंबर.”

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं.

“देवा,” वहिनी म्हणाली, “आज सकाळी त्यांना अंघोळ घालताना माझ्या मनात राग नव्हता. उद्या असेल. आज नव्हता. त्याचे आभार.”

मग तिघं जेवली.